श्वासांचा राखणदार

आज एखाद्या रोग्यावर शस्त्रक्रिया करावयाची असली म्हणजे डॉक्टर त्याला आधीच काही सूचना देऊन ठेवतात. अमुक वेळेनंतर काही खावयाचे नाही, ठरावीक वेळेनंतर पाणीही प्यावयाचे नाही, नेहमी कोणती औषधे घेतो ते न लपविता सांगावयाचे. नेमलेल्या वेळी त्याला शस्त्रक्रियागृहात नेतात आणि उंच टेबलावर निजवितात. त्याच्या हाताच्या शिरेत एक बारीक सुई बसवितात, बोटाला लहानसा चिमटा लावतात, नाकातोंडावर मुखवटा धरतात. आकडे मोजता मोजता त्याचे डोळे मिटतात. ते पुन्हा उघडतात तेव्हा शस्त्रक्रिया संपलेली असते. मधला काळ कसा गेला हे त्याला ठाऊकच नसते. परंतु तो सर्व काळ एक डॉक्टर त्याच्या उशाशी असतो. त्याच्या हाती शस्त्र नसते. रोग्याचा श्वास नीट चालला आहे ना, नाडी नीट लागते ना, हे पाहणे हेच त्याचे काम. त्याला भूलतज्ज्ञ म्हणतात. रोग्याच्या उशाशी जागत राहण्याच्या या विद्येला ज्यांनी शास्त्राचे रूप दिले, त्यांत डॉ. जॉन स्नो यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

स्नो यांच्या जन्मकाळी शस्त्रक्रिया म्हणजे रोग्यावर कोसळलेले मोठेच संकट असे. त्याला मद्य पाजीत किंवा अफू देत. पण त्याने वेदना थोडीशी मंद होई, नाहीशी होत नसे. चार धट्टेकट्टे मदतनीस त्याला टेबलावर दाबून धरीत. शस्त्रवैद्याचा मोठेपणा त्याच्या वेगावरून ठरे. जो दोन-तीन मिनिटांत पाय कापून मोकळा होई तो कुशल समजला जाई. पोट किंवा छाती उघडून आतील रोगावर इलाज करण्याचे धाडस क्वचितच कोणी करी. कारण तेवढा वेळ त्या यातना सोसणे माणसाच्या शक्तीबाहेरचे होते. कित्येक रोगी शस्त्रक्रियेपेक्षा मरण बरे म्हणून घरीच पडून राहत.

जॉन स्नो यांचा जन्म इंग्लंडच्या उत्तर भागातील यॉर्क या शहरी १५ मार्च १८१३ रोजी झाला. वडील मजुरी करून पोट भरीत. नऊ भावंडांत जॉन सर्वांत थोरला. घर नदीकाठच्या गरीब वस्तीत होते. नदीला पूर आला म्हणजे त्या वस्तीची मोठी दैना होई. घरची स्थिती अशी बेताची असली तरी मुलांनी शिकावे अशी आईवडिलांची इच्छा होती, आणि जॉनची बुद्धीही चांगली होती. गणिताची त्याला विशेष गोडी होती. ही गोडी पुढे हजारो रोग्यांच्या उपयोगी पडावयाची होती.

चौदाव्या वर्षी जॉन घर सोडून न्यूकॅसल या गावी गेला आणि तेथील एका शस्त्रवैद्याजवळ उमेदवार म्हणून राहिला. त्या काळी वैद्यकीचे शिक्षण असेच होत असे. औषधे कुटावयाची, मलमपट्ट्या बांधावयाच्या, गुरूच्या मागून रोग्यांच्या घरोघर फिरावयाचे आणि पाहून पाहून शिकावयाचे. १८३१ साली त्या भागात पटकीची साथ आली. तेव्हा अठरा वर्षांच्या जॉनला कोळशाच्या खाणीवरील मजुरांच्या शुश्रूषेसाठी पाठविण्यात आले. त्याने जिवापाड कष्ट केले. परंतु त्या रोगावर खरे औषधच कोणाजवळ नव्हते. त्या साथीतील दृश्ये त्याच्या मनावर कायमची कोरली गेली.

पुढे काही वर्षे त्याने निरनिराळ्या वैद्यांकडे साहाय्यकाचे काम केले. मग अधिक शिकावे या ओढीने १८३६ साली तो लंडनला निघाला. त्याने हा प्रवास बहुतांशी पायी केला. लंडनमध्ये त्याने शरीरशास्त्राचा अभ्यास केला, रुग्णालयात अनुभव घेतला आणि १८३८ साली शस्त्रवैद्याची परीक्षा दिली. एवढ्यावर तो थांबला नाही. १८४४ साली त्याने लंडन विद्यापीठाची वैद्यकातील सर्वोच्च पदवी संपादन केली. मजुराचा मुलगा आता डॉ. जॉन स्नो झाला होता.

पदवी मिळाली तरी डॉ. स्नो यांच्याकडे रोग्यांची रीघ लागली नाही. ते अबोल होते, पोशाख साधा होता, आवाज घोगरा होता. मोठ्या लोकांची ओळख नव्हती आणि ती करून घेण्याची हातोटीही नव्हती. मद्याला ते शिवत नसत आणि तरुणपणी अनेक वर्षे त्यांनी मांसाहारही वर्ज्य केला होता. लंडनमधील वैद्यांच्या सभेला ते नियमाने जात आणि आपले विचार मांडीत. प्रारंभी त्यांच्या बोलण्याकडे कोणी फारसे लक्ष देत नसे. ते बोलून खाली बसत आणि पुढचा वक्ता दुसराच विषय काढी. तथापि ते खचले नाहीत. मोकळा वेळ ते प्रयोगात घालवीत. श्वास कसा चालतो, हवेतील कोणता भाग शरीर घेते, गुदमरलेल्या अर्भकाचा श्वास पुन्हा कसा सुरू करावा, हे त्यांच्या अभ्यासाचे विषय होते.

अशा वेळी अमेरिकेतून एक अद्भुत वार्ता आली. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथील रुग्णालयात विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने एका रोग्याला ईथर नावाच्या द्रवाची वाफ हुंगावयास दिली. रोगी गाढ झोपला आणि शस्त्रवैद्याने त्याच्या मानेवरील गाठीवर शस्त्र चालविले तरी त्याने आरडाओरडा केला नाही. डिसेंबरात ही बातमी लंडनला पोचली. २१ डिसेंबर रोजी रॉबर्ट लिस्टन या विख्यात शस्त्रवैद्याने ईथर देऊन एका रोग्याचा पाय कापला. त्यांना लागला तो जेमतेम अर्धा मिनिट. आणि आपला पाय केव्हा कापला गेला हे त्या रोग्याला कळलेसुद्धा नाही. उभ्या लंडनमध्ये आनंदाची लाट उसळली.

परंतु हा आनंद फार दिवस निर्भेळ राहिला नाही. एका रोग्याला ईथरने छान झोप लागे, तर दुसरा झोपण्याऐवजी अधिकच खवळून हातपाय झाडू लागे. कोणी अर्धवट गुंगीतच शस्त्राच्या वेदना भोगी, तर कोणाची बेशुद्धी भलतीच खोल जाई. असे का होते हे कोणाच्या ध्यानी येईना. कित्येक शस्त्रवैद्यांनी ईथरचा नाद सोडून द्यावयाचे ठरविले. पुन्हा तो जुना वेदनेचा काळ येतो की काय, असे वाटू लागले.

डॉ. स्नो यांनी या कोड्याचा विचार गणिती मनाने केला. ओले वस्त्र उन्हात लवकर वाळते, पावसाळ्यात दोन-दोन दिवस ओलेच राहते, हे सर्वांना ठाऊक आहे. उष्णता जास्त तेवढी वाफ जास्त. ईथर तर पाण्यापेक्षा फारच लवकर उडून जाणारा पदार्थ. थंड खोलीत त्याची वाफ थोडी होते, उबदार खोलीत पुष्कळ होते. शिवाय द्रव उडू लागला म्हणजे तो स्वतःच थंड होत जातो आणि वाफ आणखी कमी होते. म्हणजे रोग्याच्या छातीत ईथर किती जाते, हे भूल देणाऱ्याच्या हाती नव्हते. ते त्या दिवशीच्या हवेच्या हाती होते. रोग निराळे नव्हते की रोगी निराळे नव्हते, मात्राच दर वेळी निराळी होती.

स्नो यांनी किती उष्णतेला हवेत ईथरची किती वाफ मिसळते याचे कोष्टक तयार केले. मग त्यांनी एक यंत्र बनविले. त्यातील ईथरचे पात्र पाण्यात बुडालेले असे. पाण्याची उष्णता मोजून ठेवली की वाफेचे प्रमाणही ठरून जाई. तेथून लवचीक नळी निघे आणि तिच्या टोकाला नाकतोंड झाकणारा मुखवटा असे. मुखवट्याला झडप होती. ती कमीअधिक उघडून आत शुद्ध हवा घेता येई. जानेवारी १८४७ मध्ये, म्हणजे बातमी कानी आल्यापासून महिन्याच्या आतच, त्यांनी हे सर्व वैद्यांच्या सभेपुढे मांडले. या वेळी मात्र सभेने त्यांचे बोलणे लक्षपूर्वक ऐकले. लवकरच लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात रोग्यांना भूल देण्याचे काम ते करू लागले. खुद्द लिस्टनही त्यांना बोलावू लागले.

त्याच वर्षी त्यांनी ईथरवर एक लहानसे पुस्तक लिहिले. भूल चढत जाते तेव्हा रोग्यात काय काय बदल होतात, याचे त्यात पाच पायऱ्यांत वर्णन आहे. पहिल्या पायरीवर रोग्याला हलके हलके वाटते. आपण कोठे आहोत याचे भान मात्र असते. दुसऱ्या पायरीवर मन भरकटते. तो असंबद्ध बोलतो, हसतो किंवा रडतो. तिसऱ्या पायरीवर त्याची शुद्ध हरपते, पण शस्त्र लागताच हातपाय हलण्याचा संभव असतो. चौथ्या पायरीवर शरीर अगदी सैल पडते आणि केवळ श्वास चालू राहतो. पाचवी पायरी मरणाच्या उंबरठ्याची. तेथे श्वासही अडखळू लागतो. ही पाचवी पायरी त्यांनी प्राण्यांवरील प्रयोगांत पाहिली होती. कोणाही माणसाला तेथवर नेता कामा नये हे त्यांनी निक्षून सांगितले. रोगी कोणत्या पायरीवर आहे हे ओळखण्यासाठी ते त्याच्या पापणीच्या कडेला बोटाने हळूच स्पर्श करून पाहत आणि श्वासाची लय कान देऊन ऐकत. नव्या औषधांच्या वाफा तर ते प्रथम स्वतःवरच अजमावून पाहत.

नोव्हेंबर १८४७ मध्ये एडिंबरो येथील डॉ. जेम्स यंग सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म हे दुसरे औषध पुढे आणले. त्याचा वास गोडसर होता, ते थोडे पुरे आणि गुंगी झटपट येई. त्याला यंत्र लागत नसे. रुमालावर चार थेंब ओतावे आणि नाकाशी धरावे की काम झाले, असे लोकांना वाटले. साहजिकच जो तो क्लोरोफॉर्म वापरू लागला. गावोगावचे वैद्य खिशात त्याची कुपी बाळगू लागले.

आणि अवघ्या तीन महिन्यांच्या आत एक दुःखद घटना घडली. २८ जानेवारी १८४८ रोजी, ज्या न्यूकॅसल गावी स्नो यांनी वैद्यकीचे पहिले धडे गिरविले होते, त्याच्याच जवळच्या एका खेड्यात एका पंधरा वर्षांच्या मुलीच्या पायाच्या बोटाचे दुखरे नख काढावयाचे होते. काम अगदी किरकोळ. मुलगी फार घाबरली होती. वैद्यांनी तिला खुर्चीत बसविले आणि कापडावर क्लोरोफॉर्म ओतून तिच्या नाकाशी धरले. थोड्याच वेळात तिचा चेहरा एकदम पांढरा पडला. वैद्यांनी नाना उपाय केले. पण दोन-तीन मिनिटांतच तिचे प्राण गेले. एका नखासाठी एक कोवळा जीव गेला. क्लोरोफॉर्ममुळे ओढवलेला हा पहिला नोंदलेला मृत्यू होय.

या घटनेने सर्वत्र खळबळ उडाली. तिच्या मृत्यूच्या कारणाविषयी वैद्यांत तीव्र मतभेद झाले. कोणी म्हणू लागले की भूल देणे हेच पाप आहे. वेदना ईश्वरानेच दिली आहे, ती माणसाने सोसावी. दुसरे काही असे म्हणत की मृत्यूचे कारण क्लोरोफॉर्म नव्हेच, त्याला दोष देऊ नये. डॉ. स्नो या दोन्ही पक्षांत मिसळले नाहीत. त्यांनी त्या घटनेचा बारकाईने अभ्यास केला आणि आपले मत मांडले. दोष कापडावरून दिलेल्या वाफेचा होता. कापडावर ओतलेल्या औषधाची वाफ किती दाट होईल याचा काहीच अंदाज नसतो. एखाद-दुसऱ्या श्वासाबरोबर फार तीव्र वाफ आत गेली तर ती हृदयच थांबवू शकते. शंभर भाग हवेत क्लोरोफॉर्मची वाफ चार-पाच भागांहून अधिक असता कामा नये, असे त्यांनी प्रयोगांवरून ठरविले. त्यासाठी त्यांनी क्लोरोफॉर्मचेही निराळे यंत्र तयार केले. पुढील दहा वर्षांत अशा प्रकारे जेथे जेथे मृत्यू घडला, तेथील हकिकत मिळवून ते तिची चिकित्सा करीत राहिले. एकाची चूक दुसऱ्याच्या जिवावर बेतू नये, हा त्यामागील हेतू होता.

स्नो यांची भूल देण्याची रीत पाहण्यासारखी होती. रोग्याने भरल्या पोटी येऊ नये, असा त्यांचा कटाक्ष असे. कारण गुंगीत ओकारी होण्याची भीती असते. सकाळी थोडीशी न्याहारी करावी आणि पुढच्या जेवणाची वेळ होईल त्या सुमारास शस्त्रक्रिया व्हावी, असे ते सांगत. रोग्याला शक्यतो आडवे निजवीत. त्याच्याशी हळुवार बोलून त्याची भीती घालवीत. प्रथम अगदी विरळ वाफ देत, म्हणजे घशात खवखव होऊन ठसका लागत नसे. मग हळूहळू ती वाढवीत. शस्त्रवैद्याचे लक्ष आपल्या शस्त्राकडे असे, स्नो यांचे लक्ष रोग्याच्या मुखाकडे. फाटलेल्या ओठावर शस्त्रक्रिया करावयाच्या तान्ह्या बालकापासून जर्जर वृद्धापर्यंत सर्वांना त्यांनी याच काळजीने भूल दिली. क्लोरोफॉर्म दिलेल्या रोग्यांची संख्याच चार हजारांहून अधिक भरेल. दररोज रात्री ते आपल्या वहीत रोग्याचे वय, आजार, शस्त्रक्रिया आणि भुलीचा परिणाम यांची नोंद करीत. गरिबांकडून ते पुष्कळदा मोबदला घेत नसत.

७ एप्रिल १८५३ रोजी डॉ. स्नो यांना बकिंगहॅम राजवाड्यातून बोलावणे आले. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया प्रसूत व्हावयाची होती. प्रसूतीच्या वेळी क्लोरोफॉर्म घेण्यास काही धर्मोपदेशकांचा आणि काही वैद्यांचाही विरोध होता. राणीला काही अपाय झाला असता तर स्नो यांचाच नव्हे, तर या साऱ्या विद्येचाच शेवट झाला असता. परंतु स्नो यांचा हात स्थिर होता. राणीला बेशुद्ध करावयाचे नव्हते, केवळ कळा सुसह्य करावयाच्या होत्या. म्हणून त्यांनी या वेळी यंत्र न वापरता घडी केलेल्या रुमालावर प्रत्येक कळेसरशी मोजके थेंब टाकले. ५३ मिनिटे हे काम चालले. राणी शुद्धीवर होती, तिला खूप आराम वाटला आणि राजपुत्र लिओपोल्ड सुखरूप जन्माला आला. रुमाल तोच, पण हात मोजणाऱ्याचा होता, हाच काय तो फरक. राजवाड्यात क्लोरोफॉर्म गेला म्हटल्यावर सामान्य लोकांची भीतीही ओसरू लागली. १८५७ साली राणीने पुन्हा स्नो यांनाच बोलावले.

राजवाड्यातील हकिकत ऐकण्यास लोक फार उत्सुक असत. स्नो मात्र त्याबद्दल चकार शब्द काढीत नसत. एकदा एका रोगी बाईने हट्टच धरला. भूल घेताना राणी काय काय बोलली ते सांगितल्याशिवाय मी पुढे श्वासच घेणार नाही, असा तिचा आग्रह होता. तेव्हा स्नो यांनी तिला गंभीरपणे सांगितले की राणीने याहून पुष्कळ अधिक वेळ श्वास घेतल्यावर मगच प्रश्न विचारले होते. बाईसाहेबांनीही तसेच करावे, म्हणजे सर्व काही सांगेन. बाईने मुकाट्याने मुखवटा लावून घेतला आणि काही क्षणांतच ती झोपी गेली. ती जागी झाली तोवर शस्त्रक्रिया आटोपली होती आणि डॉ. स्नो कधीच घरी गेले होते.

या डॉक्टरांनी आणखी एक थोर काम केले. त्या काळी पटकी ही दुर्गंधी हवेमुळे होते अशी बहुतेकांची समजूत होती. स्नो यांचे सारे आयुष्य वाफा आणि वायू यांच्या अभ्यासात गेलेले. हवेतून विष येत असते तर प्रथम छातीला बाधा झाली असती; पटकीची सुरुवात तर पोटापासून होते. म्हणून हे विष पोटात पाण्यावाटे जात असले पाहिजे, असा त्यांनी तर्क केला. १८५४ च्या ऑगस्टअखेर लंडनच्या सोहो भागात पटकीचा भयंकर उद्रेक होऊन दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे दगावली. घरोघर फिरून स्नो यांनी चौकशी केली, तेव्हा मेलेल्यांपैकी बहुतेकांनी ब्रॉड स्ट्रीटवरील एकाच पंपाचे पाणी प्यालेले आढळले. त्यांच्या सांगण्यावरून ८ सप्टेंबर रोजी त्या पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. साथ तोवर ओसरू लागली होती, हे स्नो यांनी स्वतःच प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. परंतु रोगाचे मूळ शोधण्याची एक नवी वाट त्यांनी जगाला दाखविली.

स्नो यांनी विवाह केला नाही. त्यांची प्रकृतीही नाजूक होती. भुलीच्या औषधांविषयी आपला सर्व अनुभव एका मोठ्या ग्रंथात संकलित करावा, या ध्यासाने ते रात्रंदिवस लिहीत होते. १० जून १८५८ रोजी लिहिता लिहिताच त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि १६ जून रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. त्या वेळी त्यांचे वय केवळ ४५ वर्षांचे होते. ग्रंथ बहुतेक पुरा झाला होता. त्यांच्या एका डॉक्टर मित्राने तो त्याच वर्षी प्रसिद्ध केला. स्नो यांच्या नोंदींच्या वह्या लंडनमध्ये जपून ठेवलेल्या आहेत.

त्यांच्यामागे क्लोरोफॉर्मविषयीचा वाद चालूच राहिला. तो आपल्या देशापर्यंतही येऊन पोचला. हैदराबाद संस्थानात १८८८ आणि १८८९ साली क्लोरोफॉर्मच्या परीक्षेसाठी दोन मंडळे नेमण्यात आली. सर्जन एडवर्ड लॉरी हे त्यांचे पुढारी होते. क्लोरोफॉर्मने आधी श्वास बंद पडतो, हृदय नंतर थांबते. म्हणून श्वासावर नजर ठेवली की पुरे, नाडी पाहण्याचे कारण नाही, असा त्यांचा निर्णय होता. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात झालेल्या प्रयोगांनी क्लोरोफॉर्ममुळे हृदय एकाएकी बंद पडू शकते हे सिद्ध केले. हृदयाविषयी स्नो यांनी दिलेला इशारा अनाठायी नव्हता. पुढे अधिक निर्धोक औषधे निघाली आणि क्लोरोफॉर्म शस्त्रक्रियागृहातून हद्दपार झाला.

आज भूल देण्याच्या रीती पुष्कळ सुधारल्या आहेत. लहानशा जखमेला टाके घालावयाचे असले तर तेवढाच भाग सुईने बधिर करतात. कमरेखालच्या शस्त्रक्रियेसाठी पाठीच्या कण्यात औषध देतात. रोगी जागा असतो, पण कमरेखाली त्याला वेदना होत नाहीत. मोठ्या शस्त्रक्रियेच्या वेळी पूर्ण भूल देतात आणि पुष्कळदा श्वासासाठी घशातून नळी घालतात. म्हणून जागे झाल्यावर घसा थोडा दुखतो. कोणाला मळमळ होते, कोणाला थंडी वाजून येते. हे सारे बहुधा थोड्या वेळात थांबते आणि त्यावर इलाजही करता येतो. बोटाला लावलेला तो चिमटा रक्तातील प्राणवायूचे प्रमाण क्षणोक्षणी दाखवीत असतो. हृदयाचे ठोके, रक्तदाब, आत-बाहेर जाणारे वायू, सर्वांचे मोजमाप पडद्यावर उमटत असते. जे काम स्नो आपल्या डोळ्यांनी, कानांनी आणि बोटाच्या टोकाने करीत, त्यात आता ही यंत्रे साहाय्य करतात.

तरीही यंत्रांच्या जोडीला एक माणूस उशाशी लागतोच. झोपी गेलेला रोगी स्वतःविषयी काहीच सांगू शकत नाही. तो हाक मारू शकत नाही की मदत मागू शकत नाही. त्याचा श्वास जणू त्याने दुसऱ्याच्या स्वाधीन केलेला असतो. ही ठेव किती मोलाची आहे, हे डॉ. जॉन स्नो यांनी ओळखले आणि ती प्राणपणाने जपली. वेदना नाहीशी करणारे औषध इतरांनी शोधले. त्या औषधावर रोग्याने निर्धास्त विश्वास ठेवावा, यासाठी झटण्यात स्नो यांनी आपले आयुष्य वेचले. शस्त्रक्रियागृहात जाणारा रोगी आज डोळे मिटतो तो पुन्हा उघडण्याच्या खात्रीने. ती खात्री ज्यांच्या कष्टांतून उभी राहिली, त्यांत यॉर्कच्या या मजुराच्या मुलाचा वाटा फार मोठा आहे.